गीझर काढून इंग्लंडचा इलेक्ट्रिक शॉवर बसवायचाय, जुन्या लाइनवर चालेल का?

पेठेतला_गडी (रविवार, रात्री ९.१०)

मंडळी नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं जुनं दुमजली घर आहे. खालच्या बाथरूमचं काम काढलंय, फरशी-टाइल्स सगळं नवीन. सध्या तिथं ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर आहे, तो काढायचा. मेव्हणा बर्मिंगहॅमला असतो. डिसेंबरात येताना तिकडचा इलेक्ट्रिक शॉवर घेऊन येतो म्हणतोय. भिंतीवर चपटी पेटी, तिला शॉवरची नळी, गार पाणी आत आणि गरम बाहेर, टाकी वगैरे भानगड नाही. त्यानं खोक्याचा फोटो पाठवलाय, त्यावर ८.५ किलोवॅट लिहिलंय.

मिस्त्री म्हणतो, "गीझरचा पॉइंट हाय की, त्यालाच जोडू." त्याचा भाचा लाइटची कामं करतो, तोच जोडणार. टाइल्स एकदा बसल्या की भिंत पुन्हा फोडायची नाही अशी आईची सक्त ताकीद आहे, त्यामुळं काय ते आत्ताच ठरवायचंय. जाणकारांनी सांगावं.

बंबवाले_आबा (रविवार, रात्री ९.२५)

तांब्याचा बंब लावा आणि निवांत अंघोळ करा. ना शॉक, ना बिल. आमच्यात अजून रोज सकाळी पेटतोय.

उद्यमनगर_मेंटेनन्स (रविवार, रात्री १०.०५)

आबा, बंबाचा धूर शेजाऱ्याच्या गॅलरीत जातो त्याचं काय ते पण सांगा की. :)

गडी, तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही चालणार. आकडे बघ. तिकडच्या शॉवरचं रेटिंग २४० व्होल्टला लिहितात. ८.५ किलोवॅटचा नग आपल्या २३० व्होल्टवर साधारण ७.८ किलोवॅट घेईल, म्हणजे ३४ अँपिअर. तुझा आत्ताचा ३ किलोवॅटचा गीझर घेतो १३. ज्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर गीझर आहे त्याच्या दुपटीपेक्षा जास्त करंट तू त्यातून ओढणार. गीझरला बहुतेक ठिकाणी २.५ स्क्वेअर एमएमची वायर असते, फार तर ४ ची. ३४ अँपिअर रोज दहा-पंधरा मिनिटं त्यातून गेले तर भिंतीतल्या पाइपात वायर शिजणार. एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) पडला तर नशीब. मग भाचा येणार, "एमसीबी छोटा हाय" म्हणणार आणि ४० चा ठोकणार. एमसीबी हा वायर वाचवायला असतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला की वायरच फ्यूज होते, फक्त ती भिंतीच्या आत असते.

दोन गोष्टी बघून सांग. मीटरवर ५-३० की १०-६० काय लिहिलंय ते, आणि बिलावर 'मंजूर भार' किती आहे तो. आणि पाण्याची टाकी शॉवरपासून किती उंचीवर आहे?

पेठेतला_गडी (रविवार, रात्री १०.४०)

मीटरवर ५-३० अँपिअर. बिलावर मंजूर भार २ किलोवॅट. टाकी वरच्या मजल्याच्या गच्चीवर, खालच्या बाथरूमच्या शॉवरपासून साधारण सहा मीटर.

लोड वाढवून घेतला तर?

उद्यमनगर_मेंटेनन्स (रविवार, रात्री ११.०२)

वाढवून मिळेल, थ्री फेज पण मिळेल. महावितरणकडं अर्ज, ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, नवीन मीटर. पण तुझा शॉवर सिंगल फेजचाच. थ्री फेज घेऊनसुद्धा सगळा ३४ अँपिअरचा भार एकाच फेजवर बसणार.

आणि खरी गोम पाण्यात आहे. दर मीटर उंचीला दाब मिळतो ०.१ बार. सहा मीटर म्हणजे ०.६. तिकडचे शॉवर थेट नळाच्या दाबावर चालायला बनवलेत, त्यांना बहुतेक १ बारच्या आसपास लागतो. दाब कमी असला तर आतला स्विच कॉइल चालूच करत नाही, आणि ते बरोबरच आहे, पाणी कमी आणि कॉइल चालू म्हणजे वाफच. म्हणजे आणखी एक प्रेशर पंप. एका अंघोळीसाठी काय काय करशील?

शिवाय तिकडं हिवाळ्यात नळाचं पाणी पाच-दहा डिग्रीचं. ते ४० ला न्यायला एवढी ताकद लागतेच. आपल्याकडं थंडीत टाकीतलं पाणी वीसच्या आसपास असतं. ३ किलोवॅटवर मिनिटाला दोन लिटर तरी मिळतं, ४.५ वर तीन लिटरच्या पुढं. त्यापेक्षा १५ लिटरचा, २ किलोवॅटचा टाकीवाला घे. वीस डिग्रीचं पाणी साठला न्यायला वीसेक मिनिटं, आणि गार मिसळून ३० लिटर कोमट. करंट नऊ अँपिअरच्या आत.

मँचेस्टरचा_कोल्हापुरी (सोमवार, पहाटे ३.१५)

इथं रात्रीचे पावणेदहा झालेत, म्हणून लिहितो. वरची सगळी गणितं बरोबर आहेत. मेव्हण्याला सांगा, बॅगेतली ती जागा चॉकलेटला वापर.

इथं हा शॉवर कसा बसतो ते सांगतो, म्हणजे तिथल्या पॉइंटवर तो का बसत नाही ते कळेल. मेन बोर्डापासून त्याची स्वतंत्र लाइन असते, दुसरं काहीही त्यावर नसतं. केबल बहुतेक १० स्क्वेअर एमएमची, एमसीबी ४० किंवा ४५ चा. छताला दोरी ओढायचा ४५ अँपिअरचा स्विच, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे आपला आरसीसीबी, करंट कुठं गळाला की लाइन तोडणारा. वायरिंगचं मानक बीएस ७६७१, त्यात बाथरूमचे झोन पाडलेत: टब किंवा शॉवर ट्रेचा आतला भाग झोन ०, त्याच्यावर जमिनीपासून सव्वादोन मीटरपर्यंत झोन १, बाजूला साठ सेंटिमीटर झोन २. कुठल्या झोनमध्ये कुठली वस्तू चालेल हे ठरलेलं.

इंग्लंडमध्ये जुना शॉवर काढून त्याच लाइनवर तसाच नवा बसवला तर महापालिकेला कळवावं लागत नाही. नवीन लाइन ओढली तर लागतं, नाहीतर नोंदणीकृत इलेक्ट्रिशियननं स्वतः प्रमाणपत्र द्यायचं. पण लोक गडबड कुठं करतात माहितीये? ७.५ चा काढतात आणि "जोर जास्त" म्हणून १०.५ चा आणतात, केबल तीच जुनी ६ ची. ती केबल वर छतात उष्णतारोधक कापसाखालून गेलेली असते, तिथं तिची ताकद आणखी घटते. इथल्या इलेक्ट्रिशियनला शॉवर बदलायला बोलावलं तर तो शॉवरकडं नंतर बघतो, आधी बोर्ड उघडतो.

कळंबा_रिंगरोड (सोमवार, सकाळी ८.२०)

एवढं कशाला घाबरवताय? आमच्याकडं वर्षानुवर्षं गीझर हाय, आरसीसीबी-बिरसीबी काय न्हाई, कुणाला काय झालं न्हाई. अर्थिंग चांगलं असलं की बास झालं.

पेठेतला_गडी (सोमवार, सकाळी ९.०५)

शॉवरचा नाद सोडला. १५ लिटरचाच बघतो. मेव्हण्याला फोन केला, तो म्हणाला बरं झालं, वजन वाचलं.

पण अर्थिंगचा विषय निघालाय तर विचारतो. गीझर चालू असताना नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात, असं आई म्हणते. गीझर बंद केला की नाही येत. ती म्हणते थंडीमुळं असेल. नवीन गीझर बसवला की हे आपोआप जाईल ना?

उद्यमनगर_मेंटेनन्स (सोमवार, सकाळी ९.१२)

भावा, बाकी सगळं राहू दे. आत्ता जाऊन गीझरचा एमसीबी खाली पाड, त्यावर चिकटपट्टी लाव, आणि आईला सांग पाणी गॅसवर तापवा. नुसता स्विच बंद करून चालणार नाही, स्विच न्यूट्रलवर असेल तर कॉइलला फेज तसाच राहतो.

या मुंग्या थंडीच्या नाहीत. नळाला करंट येतोय. नवीन गीझर लावून जाईलच असं नाही, कारण दोष गीझरमध्ये असेल किंवा लाइनमध्ये. 'गीझर चालू असतानाच' हे जे लिहिलंस त्यावरून मला लाइनचा संशय जास्त येतोय. परवानाधारक वायरमन बोलव, भाचा नको. सॉकेट उघडून अर्थच्या पिनला काय जोडलंय त्याचा फोटो टाक.

रुईकर_कॉलनीतली_ताई (सोमवार, सकाळी ११.३०)

कळंबा दादा, तुमच्याकडे काही झालं नाही हे चांगलंच आहे, पण 'अर्थिंग चांगलं' हे कुणी मोजलं होतं का? आमच्या बिल्डिंगमध्ये पण सगळे तेच म्हणायचे. मोजलं तेव्हा अर्थच्या खड्ड्यापासून वर येणारी पट्टी पार्किंगच्या कोब्यात गंजून तुटलेली निघाली. वर सगळ्या फ्लॅटमध्ये हिरव्या वायरी अगदी नीट, खाली कशालाच जोडलेल्या नाहीत.

मला दुसरंच विचारायचं आहे. आम्ही आरसीसीबी बसवला, तर तो दिवसातून दोनदा पडायचा. ज्याने बसवला तो म्हणाला "आरसीसीबी खराब आहे", आणि वायर सरळ बायपास करून गेला. डबीत आरसीसीबी दिसतो, पण काम करत नाही. हे बरोबर आहे का?

उद्यमनगर_मेंटेनन्स (सोमवार, दुपारी १.४५)

ताई, तो आरसीसीबी आता शोभेचा आहे. इन्व्हर्टर आहे का घरात? असला तर नव्वद टक्के तीच भानगड. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो. दोन्ही सारखे असले की गप्प. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पडतो. आपल्याकडं इन्व्हर्टरची लाइन ओढताना फेज वेगळा घेतात आणि न्यूट्रल कुठल्याही जवळच्या डबीतून उचलतात. मग एका लाइनचा करंट दुसऱ्या न्यूट्रलनं परत जातो, हिशोब जुळत नाही, आरसीसीबी पडतो. तो खराब नाही, चोख काम करतोय. न्यूट्रल वेगळे करून घ्या. वेळखाऊ काम आहे, म्हणून कुणी करत नाही.

घाई असेल तर निदान गीझरच्या लाइनला स्वतंत्र आरसीबीओ लावा. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकातच असतात. गीझरची लाइन बोर्डापासून वेगळी असली की दुसऱ्या न्यूट्रलचा प्रश्नच येत नाही.

आता कळंबा दादांसाठी. अर्थिंग चांगलं असलं की बास, हे ऐकायला बरोबर वाटतं. गणित करून बघू. महावितरणच्या पोलवरनं घरात दोन वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ आपला आपण खड्डा काढून करायचा. समजा खड्ड्याचा रेझिस्टन्स २० ओहम आहे (जुन्या घरात एवढा सहज असतो, उन्हाळ्यात जास्तच). गीझरची कॉइल फुटली आणि फेज पूर्ण बॉडीला लागला. अर्थमधून करंट किती जाणार? २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी साडेअकराला पडतो का? कधीच नाही. तो निवांत बसणार आणि गीझरच्या बॉडीवर जवळजवळ सगळे २३० व्होल्ट तसेच उभे. अर्थिंग ५ ओहमचं, म्हणजे चांगलं म्हणतो तसलं असलं तरी करंट ४६ अँपिअर. १६ चा सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० लागतात. ४६ ला तो गरम होऊन पडेल, पण काही सेकंदांनी. ओल्या अंगानं नळ धरलेल्या माणसाकडं तेवढे सेकंद नसतात. दहाएक मिलिअँपिअरला हात सुटत नाही, तीसच्या पुढं गेलं की हृदयाचा प्रश्न येतो.

तिथं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला तर खड्डा शंभर ओहमचा असला तरी तो पडणारच, आणि कुणी हात लावायच्या आधीच पडणार. अर्थ नसेल तर तो माणसानं हात लावल्यावर पडतो, म्हणजे आधी झटका बसतो, मग लाइन जाते. म्हणून दोन्ही पाहिजेत. हे माझं मत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतच घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा लिहिलेली होती. २०२३ ला नवीन नियम आले. घराघरात मात्र अजून किटकॅट, म्हणजे तारेचा जुना फ्यूज.

कळंबा_रिंगरोड (सोमवार, दुपारी २.३०)

साडेअकराचं गणित पटलं. पण मग आजपर्यंत आमचं नशीबच म्हणायचं की काय?

बंबवाले_आबा (सोमवार, दुपारी २.४०)

व्हय.

पेठेतला_गडी (मंगळवार, रात्री ८.५०)

काल एमसीबी पाडला. आज शासनमान्य ठेकेदाराचा वायरमन आला होता, मीटर आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) घेऊन. सांगतो काय निघालं ते.

आधी सॉकेटचा टॉप (प्लग) काढला. फेजच्या पिनचं भोक तपकिरी झालेलं, प्लास्टिक वितळून आत ओघळलंय, पिन काळी पडलीय. खालचं झाकण काढलं तर मला वाटलं अर्थच्या पिनला हिरवी वायर असेल. हिरवी नाहीच. बोटभर लांबीचा काळ्या वायरचा तुकडा, एक टोक न्यूट्रलच्या स्क्रूला आणि दुसरं अर्थच्या. बाथरूमपर्यंत अर्थची वायर आलेलीच नाही. वडिलांच्या वेळची बॅटन पट्टीवरची ॲल्युमिनियम वायर आहे, त्यातून दोनच तारा.

मीटरनं मोजलं तर न्यूट्रल आणि जमिनीत ठोकलेल्या त्याच्या टेस्ट रॉडमध्ये गीझर बंद असताना काही नाही, गीझर चालू केला की १४ व्होल्ट. मेन स्विचमध्ये न्यूट्रललाही किटकॅट आहे, त्याची पकड ढिली. गीझरच्या कॉइलचं मेगर चांगलं आलं. म्हणजे गीझर निर्दोष, लाइनच गुन्हेगार.

वायरमन म्हणाला, "टेस्टर लावला असता तर काहीच कळलं नसतं, सॉकेट पास झाला असता."

उद्यमनगर_मेंटेनन्स (मंगळवार, रात्री ९.१५)

त्या बोटभर तुकड्यानं जीव गेलेले आहेत. नीट समजून घे, कारण पेठेतल्या निम्म्या घरांत हे सापडेल.

अर्थची वायर आणायची मेहनत नको म्हणून कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून टाकले. टेस्ट लॅम्प लावला की फेज-अर्थमध्ये दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश. आता गीझरचे १३ अँपिअर न्यूट्रलनं परत जाताना ढिल्या किटकॅटमध्ये अडतात. एक ओहमचा अडथळा असला तरी १३ व्होल्ट न्यूट्रलवर चढतात, आणि तो न्यूट्रल गीझरच्या बॉडीला जोडलेला. म्हणून आईला गीझर चालू असतानाच मुंग्या. तुझे १४ व्होल्ट याच्याशी जुळतात.

आणि हा तर त्यातला सौम्य प्रकार. तो किटकॅट पूर्ण सुटला असता, किंवा पोलवरचा न्यूट्रल पावसात तुटला असता, तर? फेज कॉइलमधून न्यूट्रलला येतो, पुढं रस्ता बंद, म्हणून त्या तुकड्यातून बॉडीवर. गीझर 'बिघडला', पाणी तापत नाही, म्हणून माणूस नळ हलवून बघतो, आणि बॉडीवर पूर्ण २३०. गीझरमध्ये काहीही दोष नसताना. पोलवर काम करताना फेज-न्यूट्रल उलटे लागले तर न्यूट्रल सुटायचीही गरज नाही.

न्यूट्रलमध्ये फ्यूज नसतोच. तो किटकॅट काढून टाकायला सांग, न्यूट्रल लिंक (फ्यूजशिवायची सरळ पट्टी) टाकायची.

शाहूपुरी_पूरग्रस्त (मंगळवार, रात्री १०.००)

जयंती नाल्याच्या बाजूची मंडळी हे वाचत असतील तर एक भर. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी होतं, त्यांनी पुरानंतर सॉकेट आणि डब्या बदलल्या, पण भिंतीतल्या पाइपातल्या वायरी तशाच राहिल्या. पाइपात गाळ बसलेला असतो, तो ओल धरतो. आमचा आरसीसीबी दर पावसाळ्यात पडायचा आणि उन्हाळ्यात गप्प. मेगर मारल्यावर कळलं, बाथरूमच्या लाइनचं इन्सुलेशन गेलं होतं. वायरी ओढून बाहेर काढल्या तर लालसर गाळ लागूनच आल्या. आता सगळी लाइन छताकडून खाली आणलीय, पुराच्या रेषेच्या वर. अर्थचा खड्डाही गाळानं भरला होता, तो नव्यानं केला.

पेठेतला_गडी (बुधवार, सकाळी ७.४०)

आमच्यात पूर येत नाही, पण हे लक्षात ठेवतो. आता काय करायचं ते ठरवून टाकतो, बाथरूम उघडंच आहे. वायरमननं सुचवलंय: गीझरला मेनपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तेवढीच हिरवी अर्थ वायर, २० चा आरसीबीओ, बाथरूमबाहेर इंडिकेटरवाला डीपी स्विच. परड्यात नवीन अर्थिंग. बाकी घराचं बॅटन वायरिंग दिवाळीनंतर. बरोबर आहे ना? ४ ची जास्त होत नाही का, २ किलोवॅटला?

उद्यमनगर_मेंटेनन्स (बुधवार, सकाळी ९.३०)

२ किलोवॅटला २.५ ची पण पुरते, पण टाइल्सच्या मागं जाणारी वायर आहे. उद्या ३ किलोवॅटचा किंवा सोलरच्या टाकीचा बॅकअप हीटर जोडायचा म्हटलं तर परत फोडाफोडी नको. ४ टाक. डीपी स्विच बाहेरच पाहिजे, आतमध्ये सॉकेट नकोच. डीपी असला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात, परवा मी ज्याला घाबरत होतो तो प्रकारच उरत नाही.

अर्थिंगला आयएस ३०४३ नुसार पाइप कमीत कमी अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा जीआय. भोवती मीठ आणि कोळसा. वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकण. परडं आहे म्हणजे सोपं काम. काळी माती असली तर उत्तम, मुरूम-खडक लागला तर दोन पाइप लावायला लागतील. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा बादलीभर पाणी ओतायचं. आणि काम झाल्यावर अर्थ टेस्टरनं मोजून आकडा लिहून घे, बोर्डाच्या आतल्या बाजूला चिकटव. पाच ओहमच्या खाली आला तर छान.

ॲल्युमिनियम आणि तांबं थेट पिळून जोडू देऊ नको. नवीन लाइन मेन बोर्डावरूनच निघू दे.

रुईकर_कॉलनीतली_ताई (बुधवार, दुपारी १२.१०)

गॅस गीझरचा पर्याय कुणी सुचवायच्या आधीच सांगते, छोट्या बंद बाथरूममध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. बसवायचाच तर बाथरूमच्या बाहेर, उघड्यावर.

आणि ऑनलाइन ते शॉवरच्या डोक्यातच कॉइल असलेले, नळाला लावायचे हीटर मिळतात, ते पण नको. बऱ्याच जणांत कॉइल उघडी पाण्यात असते. गीझर घेताना आयएसआय चिन्ह आणि बीईईचे स्टार दोन्ही बघा.

आमचा न्यूट्रल वेगळा करायचं काम शनिवारी आहे. उद्यमनगर दादा, धन्यवाद.

कळंबा_रिंगरोड (बुधवार, रात्री ९.४५)

काल रात्री झोप न्हाई आली म्हणून आज सॉकेट उघडला. हिरवी वायर हाय, पण बोर्डात गुंडाळून ठेवलीय, कशालाच जोडलेली न्हाई. वायरमनला फोन लावला. उद्यमनगर साहेब, तुमचा नंबर द्या की.

उद्यमनगर_मेंटेनन्स (बुधवार, रात्री १०.०५)

नंबर इथं नको ओ. आणि मी कारखान्यातला माणूस, घरगुती कामं घेत नाही. तुमच्या भागातला परवानाधारक ठेकेदार बघा, परवाना नंबर मागा, काम झाल्यावर मेगर आणि अर्थचे आकडे कागदावर मागा. जो आकडे द्यायला कुरकुर करतो त्याला चहा पाजून पाठवा.

पेठेतला_गडी (पुढचा रविवार, सायंकाळी ६.२०)

झालं काम. अर्थिंग ३.२ ओहम आलं, परड्यात दोन मीटरपर्यंत काळी मातीच निघाली. गीझर उद्या येतोय. पहिल्यांदा चालू करताना काही बघायचं?

उद्यमनगर_मेंटेनन्स (पुढचा रविवार, सायंकाळी ७.००)

पहिल्यांदा पाणी भर, गरम पाण्याच्या नळातून सलग धार आली की मगच स्विच. कोरडी कॉइल चालू केली तर वॉरंटीवाला हात वर करेल. वरच्या प्रेशर व्हॉल्व्हचं तोंड बंद करू नको, थेंब गळला तरी चालेल, मिस्त्रीला आधीच सांगून ठेव, तो एम-सील घेऊन उभा असतो. आतला कटआउट (पाणी फार तापलं की कॉइल बंद करतो तो) 'डायरेक्ट' करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव. बोअरचं पाणी टाकीत सोडत असशील तर वर्षा-दोन वर्षांनी मॅग्नेशियमचा रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो) काढून बघ. कॉइलवर क्षार बसलेत का तेही बघ, कॉइल फुटते ती त्यानंच.

आरसीबीओवरचं टेस्टचं बटण चालू केल्या केल्या एकदा दाब, मग दर महिन्याला. दाबल्यावर पडला नाही तर गीझर लावायचा नाही.

पेठेतला_गडी (मंगळवार, सकाळी ८.०५)

बटण दाबलं, खट्ट करून पडला. आई म्हणते मुंग्या नाहीत, पण पाणी फार कढत येतंय, थर्मोस्टॅट कुठं कमी करायचा ते विचार.

मँचेस्टरचा_कोल्हापुरी (मंगळवार, दुपारी १.३०)

खालच्या झाकणाखाली फिरकी असेल. ती फिरवायच्या आधी डीपी बंद करा.